भिसेगावच्या भिंतीवरच्या अकरा चौकटी

कर्जतजवळच्या भिसेगावातल्या शाळेची रस्त्याकडची भिंत चांगली शंभर फूट लांब आहे. वर्षानुवर्षं तिच्यावर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, क्लासच्या जाहिराती आणि गाड्या लावू नयेत अशी सूचना, एवढंच असायचं. इतिहास शिकवणाऱ्या उमाबाईंना निवृत्तीला दीड वर्ष उरलं, तेव्हा त्यांनी संस्थेकडे ही भिंत मागितली.

त्यांना तिच्यावर जगाचा इतिहास काढून घ्यायचा होता. पहिल्या शेतीपासून युरोपातल्या धर्मसुधारणेपर्यंत. राजे, लढाया आणि सनावळ्या नकोत, जग ज्यांनी बदललं त्या कल्पना हव्यात, असं त्यांनी अर्जात लिहिलं होतं. साठवण, नगर, लेखन, कायदा अशा अकरा कल्पना, अकरा चौकटी.

संस्थेचे कार्याध्यक्ष नाना म्हणजे खालापूरच्या कोर्टात चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस. अर्ज त्यांनी दोनदा वाचला आणि परवानगी दिली. फक्त रंगवत कशाला बसायचं, फ्लेक्स छापून लावू, दोन दिवसांत काम होईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. उमाबाईंनी ते ऐकलं नाही. कर्जतच्या पावसात फ्लेक्स एक वर्ष टिकत नाही आणि मुलांनी भिंतीसमोर उभं राहून ती घडताना बघायला हवी, असं त्यांनी ठाम सांगितलं. उद्घाटन एक मेच्या झेंडावंदनाला करायचं ठरलं आणि संक्रांतीनंतर उमाबाई पेंटर शोधायला निघाल्या.

पेंटर मिळाला पळसदरीत. धाकलू पेंटर हे नाव कर्जत-खोपोलीच्या पट्ट्यात एके काळी सगळ्यांना माहीत होतं. दुकानांच्या पाट्या, टेंपोच्या मागची नावं, देवळांच्या कमानी, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्याच्या हातचं. त्याचं अक्षर लांबून ओळखू यायचं. उभी रेघ ठाम, आणि 'र' चा पाय किंचित पुढे टाकलेला, जणू चालायला निघालाय. पण फ्लेक्स आले आणि चार-पाच वर्षांत त्याचं काम संपलं. त्याने ब्रश धुऊन डब्यात घातले आणि गावच्या धरणाकडच्या एका मुंबईकराच्या फार्महाऊसवर माळी म्हणून लागला. त्याचाच मुलगा संतोष याने सहा वर्षांपूर्वी कर्जतच्या बाजारात फ्लेक्स छापायचं दुकान टाकलं. बापलेकात भांडण झालं नाही. संतोष दर रविवारी पळसदरीला यायचा, आईच्या हातचं जेवायचा, शेताचं आणि नातेवाइकांचं बोलायचा. कामाबद्दल दोघंही बोलत नसत, आणि धाकलूने त्या दुकानाची पायरी कधी चढली नव्हती.

उमाबाई घरी आल्या तेव्हा धाकलूने त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याने भिंतीची लांबी विचारली, ऊन कुठल्या बाजूने येतं ते विचारलं, आणि कामाला हो म्हणाला. एक अट घातली.

"बाई, नुसतं नाव सांगून जमायचं नाय. कायदा काढ म्हनाल तर मी काय काढू? आधी मला ती गोष्ट सांगायची. समजली तर काढीन."

असं ठरलं. फार्महाऊसची पहाटेची पाणी घालायची कामं आटपून धाकलू सायकलने भिसेगावला यायचा. दोरीला गेरू लावून, ती ताणून भिंतीवर फटका मारायचा आणि चौकटीच्या रेघा उमटवायचा. मधल्या सुट्टीत उमाबाई डबा घेऊन बाहेर यायच्या आणि कट्ट्यावर बसून पुढची चौकट सांगायच्या.

पहिल्याच चौकटीला त्यांना धक्का बसला. शेती सुरू झाली, माणूस एका जागी राहिला, खाऊन धान्य उरायला लागलं, असं त्या सांगत होत्या. हे त्यांनी अठ्ठावीस वर्षं सांगितलं होतं. धाकलूने विचारलं, उरलेलं धान्य राखायला कोण बसायचं? उमाबाई म्हणाल्या, कुणी तरी बसत असेल. धाकलूच्या घरात कणगी होती, त्यामुळे त्याला उंदीरही माहीत होते आणि चोरही. त्याने चौकटीत भाताची कणगी काढली, कणगीपाशी काठी घेऊन बसलेला एक माणूस काढला आणि त्या माणसासमोर ओंजळ पसरून उभी असलेली एक बाई. त्याचं म्हणणं, राखणारा आला की थोड्या दिवसांनी तोच मालक होतो. त्या दुपारी उमाबाईंनी नववीच्या वर्गात पुस्तक मिटून ठेवलं आणि मुलांना भिंतीपाशी नेऊन सत्ता कुठून येते ते शिकवलं.

लेखनाच्या चौकटीला तर धाकलू दोन दिवस नुसता खुशीत होता. इराकच्या नद्यांकाठी पाच हजार वर्षांपूर्वी माणसं ओल्या मातीच्या वड्यांवर बोरूने खुणा उमटवत, हे ऐकल्यावर तो संध्याकाळी धरणाच्या काठी गेला, बोरू तोडून आणला, शेताच्या बांधाची चिकण माती मळली आणि खुणा उमटवून बघितल्या. दुसऱ्या दिवशी सहा वड्या वाळवून शाळेत घेऊन आला. बोरू ओढला तर माती फाटते, दाबला तर खूण नीट बसते, म्हणून त्या लोकांची अक्षरं खिळ्यांसारखी दिसतात, हे त्याने उमाबाईंना समजावून सांगितलं. त्यांना ते पुस्तकातून माहीत होतं. हातात घेऊन पहिल्यांदाच कळलं.

अशी एकेक चौकट पुढे सरकत गेली. कायद्याच्या चौकटीत त्याने बाबिलोनच्या राजाने उभारलेला काळा दगड काढला, वरपासून खालपर्यंत कोरलेला. दगडासमोर एक म्हातारी उभी आणि शेजारचा माणूस तिला तो वाचून दाखवतोय. नानांना ही चौकट फार आवडली, ते येता-जाता तिच्यासमोर रेंगाळायचे. साम्राज्याची चौकट मात्र त्यांना पटली नाही, कारण धाकलूने तिच्यात नुसता रोमचा एक दगडी रस्ता काढला होता, डोंगर चढून पलीकडे उतरणारा, आणि रस्त्यावर बैलगाडी. राजा कुठंय, निदान एखादा घोडा तरी, असं नानांनी विचारलं. धाकलूने बोरघाटाकडे हात केला. तो कुणी बांधला ते लोक विसरले, पण जातात त्याच्यावरूनच, म्हणाला. नाना हसले आणि पुढे गेले.

मार्च संपता संपता नऊ चौकटी झाल्या. येणारे-जाणारे थांबायला लागले होते. भिंतीवरच्या माणसांचे चेहरे आपल्यासारखेच आहेत, हे लोकांच्या लक्षात आलं होतं. अथेन्सच्या सभेत हात वर करून उभ्या असलेल्या माणसात पोशीर गावच्या लोकांनी आपला एक भाऊबंद ओळखला. उंटावर माल लादणारा व्यापारी तर थेट भाजीबाजारातला होता.

मग दहावी चौकट आली, मुद्रणाची.

उमाबाईंचा हा आवडता धडा होता. त्या रंगून सांगत होत्या. आधी एक मोठा ग्रंथ हाताने उतरवायला माणसाला दोन-तीन वर्षं लागायची. मग जर्मनीत एकाने धातूचे सुटे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, ओतले, ते जुळवून शाई लावली, दाबयंत्राखाली कागद घातला, आणि जेवढ्या काळात एक प्रत व्हायची तेवढ्यात दीडशेच्या वर प्रती तयार झाल्या. ग्रंथ स्वस्त झाले. जे चार जणांपाशी होतं ते चाळीस जणांच्या घरात गेलं.

धाकलू ब्रश पुसत ऐकत होता. त्याने विचारलं, "मंग ते हातानं लिवणारे कुठं गेले?"

पुस्तकात त्याबद्दल एक ओळही नाही, हे उमाबाईंनी सरळ सांगून टाकलं.

धाकलूने ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुचकळून धुतले, फडक्यात गुंडाळले, सायकलला अडकवले आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. उमाबाईंनी फोन केला तर सुंदराने, त्याच्या बायकोने, उचलला. तब्येत ठीक आहे, बागेत काम करतायत, बोलायला मात्र तयार नाहीत, असं तिने सांगितलं.

आठ दिवस गेले. नानांनी उमाबाईंना बोलावून घेतलं. एक मेच्या पत्रिका छापायला द्यायच्या होत्या. माणूस काम अर्धवट टाकून गेला हे त्यांना आवडलं नव्हतं, पण ते चिडलेही नव्हते. उरलेल्या दोन चौकटींचे फ्लेक्स छापून बसवू आणि मोकळे होऊ, असं त्यांनी ठरवलं आणि बाजारातल्या एका दुकानात फोन लावला. ते दुकान संतोषचं निघालं. नानांना ते माहीत नव्हतं. मोजमापं त्यांनी फोनवरच दिली.

संतोषने मोजमापं लिहून घेतली आणि मग शाळेचं नाव ऐकलं. वडील कुठं काम करतायत हे त्याला आईकडून कळलं होतं. दोन-तीनदा तो मोटारसायकल लांब उभी करून भिंत बघूनही गेला होता. त्याने नानांना उद्या सांगतो असं कळवलं, दुकान बंद केलं आणि भर दुपारी पळसदरीला गेला.

धाकलू फार्महाऊसच्या बागेत जास्वंदीच्या आळ्यांत पाणी सोडत होता. रविवार नसताना मुलगा आलेला बघून त्याने नळी खाली ठेवली.

संतोषने आडवळण घेतलं नाही. "बाबा, तुमच्या भिंतीच्या शेवटच्या दोन चौकटी छापायची ऑर्डर माझ्याकडे आलीय."

"मंग छाप की. तुझा धंदाच हाय तो."

"नाही छापणार. तुमच्या नऊ चौकटींच्या शेजारी माझा फ्लेक्स लावला तर तो कसा दिसेल ते मला कळतं. मी काय आंधळा नाही." मग तो म्हणाला, "सहा वर्षं तुम्ही काही बोलला नाहीत. शिव्या दिल्या असत्यात तर बरं झालं असतं."

धाकलूने नळी उचलून पुढच्या आळ्यात सोडली. मुलावर राग नव्हताच, हे त्याला सांगायचं होतं. मशीन कुणी ना कुणी आणलंच असतं. पोराने आणलं, तर निदान घरात चूल पेटती राहिली. पण आपण गेल्यावर आपल्याबद्दल एक ओळही कुठं नसणार, हे त्या दिवशी कट्ट्यावर ऐकलं आणि हातातलं बळच गेलं. हे सगळं त्याने संतोषला सांगितलं, तुटक तुटक, नळी हातात धरून.

शेवटी धाकलू म्हणाला, "तुझं मशीन कसं चालतं ते मला दाव. न बघता काढायचं कसं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तो दुकानाची पायरी चढला. संतोषने त्याला खुर्ची दिली, पण तो बसला नाही. मशीनचं डोकं डावीकडून उजवीकडे सरकत होतं आणि कापडावर एकेक पट्टा उमटत होता. एका बारशाचा फ्लेक्स होता. धाकलू वाकून अक्षरं बघत होता. ती मशीनने कुठून आणली, असं त्याने विचारलं. संतोषने कॉम्प्युटरवर अक्षरांची यादी उघडून दाखवली. शंभरावर वळणं होती. हे प्रत्येक वळण कुणीतरी आधी हाताने काढलेलं असतं, मग ते आत भरतात, असं त्याने सांगितलं.

"हातानं?"

"हातानंच. मशीनला कुठं 'क' येतो?"

तेवढ्यात उमाबाई आल्या. सुंदराने त्यांना फोन करून नवरा कुठं गेलाय ते सांगितलं होतं. गेले आठ दिवस त्याही स्वस्थ बसल्या नव्हत्या. धाकलूच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत नाही, याची त्यांना टोचणी लागली होती. त्यांनी ग्रंथालयं पालथी घातली, पुण्यातल्या एका मैत्रिणीकडून लेख मागवले, आणि उत्तर शोधलं होतं. दुकानात उभ्या उभ्याच त्यांनी ते सांगितलं. पहिले खिळे ओतले तेव्हा अक्षराचं वळण नवं बनवलेलं नव्हतं. हाताने ग्रंथ लिहिणाऱ्यांच्या अक्षराबरहुकूम त्यांचे साचे कोरले होते, इतके की छापलेलं पान लिहिल्यासारखं दिसावं. पानाच्या सुरुवातीच्या मोठ्या अक्षराची जागा छापताना कोरी सोडायचे, आणि ती भरायला रंगारीच बोलवायचे. काही लिहिणारे पुढे स्वतः मुद्रक झाले. काहींचं काम कायमचं गेलं, तेही खरं आहे, हे त्यांनी लपवलं नाही.

धाकलूने सगळं ऐकलं. मग संतोषकडे वळला. "नानांना फोन लाव. सांग, पेंटर आज दुपारपासून कामावर हाय."

संतोषने फोन लावला. निरोप सांगितला, आणि पेंटर आपले वडील आहेत हेही सांगितलं. पलीकडून नाना फ्लेक्सचं राहू दे, म्हणाले.

दहावी चौकट चार दिवसांत झाली. डाव्या बाजूला लाकडी दाबयंत्र आणि दांडा ओढणारे दोघे. उजवीकडे मेज. मेजाशी एक म्हातारा लिहिणारा बसलाय आणि शेजारी एक जवान माणूस धातूवर अक्षर कोरतोय. कोरताना त्याची नजर म्हाताऱ्याच्या कागदावर खिळलेली आहे. मागच्या दारातून एक तिसरा माणूस दौत-लेखणी काखेत मारून बाहेर चाललाय, त्याची फक्त पाठ दिसते.

अकराव्या चौकटीबद्दल मात्र नानांनी शंका काढली. युरोपातल्या चर्चमधलं भांडण आपल्या भिंतीवर कशाला, पालक विचारतील, असं त्यांना वाटत होतं. उमाबाईंनी त्यांना तिथेच भिंतीपाशी उभं करून ल्यूथरची हकिगत सांगितली. धर्मग्रंथ लॅटिनमध्ये होता, ती भाषा सामान्य माणसाला येत नव्हती. पापाची माफी विकली जात होती. ल्यूथर या प्राध्यापकाने हरकत घेतली, मग ग्रंथ लोकांच्या बोलीत आणला. छपाई होती म्हणून तो घरोघरी गेला. पुढे त्यातून फार रक्तही सांडलं, उमाबाईंनी तेही गाळलं नाही. पण ग्रंथ आपल्या भाषेत आपल्या हातात आला, ही कल्पना त्या भांडणाहून मोठी, असं त्यांचं म्हणणं होतं. नाना वकील होते. कायदा अशिलाला त्याच्या भाषेत कळला नाही तर काय होतं, हे त्यांनी चाळीस वर्षं पाहिलं होतं. ते म्हणाले, काढा.

धाकलूने त्या चौकटीत चर्च काढलं नाही आणि धर्मगुरूही काढला नाही. उंबऱ्यावर बसून पुस्तक वाचणारी एक बाई काढली. बोट ओळीवर, ओठ किंचित उघडे. भोवती घरातली माणसं कामं थांबवून ऐकतायत. बाईचा चेहरा सुंदराचा होता.

एक मेला झेंडावंदन झाल्यावर भिंतीवरचा पडदा सरकवला. पोशीरहून, पळसदरीहून, अगदी खोपोलीहून माणसं आली होती. भाषणं थोडक्यात झाली. मुलं एकेका चौकटीपाशी उभी राहून आई-वडिलांना गोष्ट सांगत होती, आणि बरोबर सांगत होती. उमाबाई मागे उभ्या राहून नुसत्या ऐकत होत्या.

सुंदरा शेवटच्या चौकटीपाशी आली आणि पदर खोचून उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. ती पहिलीत असतानाच तिची शाळा सुटली होती. बायका तिच्याकडे आणि चित्राकडे बघत होत्या.

"अवो, हे खोटं कशाला काढलंत? मला वाचता कुठं येतं?" ती नवऱ्याला म्हणाली.

"खोटं नाय गं. जरा आधी काढलं, येवढंच."

उमाबाईंनी ते ऐकलं होतं. पुढच्या सोमवारपासून दुपारी तीनला सुंदरा त्यांच्या घरी वाचायला शिकायला येऊ लागली, आणि जूनमध्ये आपल्याबरोबर शेजारच्या दोघींना घेऊन आली.

संतोषने वडिलांकडे अक्षरं मागितली. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं, सगळी, कॉम्प्युटरमध्ये भरायला. धाकलू आधी तयार नव्हता. मग आपलंच नाव त्या अक्षरांना द्यायचं या बोलीवर बसला. रोज संध्याकाळी ओटीवर कागद पसरून तो एकेक अक्षर काढतो, पटलं नाही तर बाजूला सारतो. 'र' त्याने पहिल्या फटक्यात काढला. 'ळ' ला आठवडा गेला.

दिवाळी झाल्यावर खालापूर भागातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक पळसदरीला आले. त्यांच्याकडेही रस्त्याला लागून भिंत होती, आणि त्यांना तिच्यावर विज्ञान हवं होतं. धाकलूने त्यांना चहा दिला आणि भिंत किती लांब, ऊन कुठून येतं, ते विचारलं. मग म्हणाला, "जमेल. पन मला गोष्ट सांगायला तुमच्याकडं कोन हाय, ते आधी बोला."

मुख्याध्यापकांनी दोन नावं घेतली. धाकलूने त्या दोघांना सोमवारी भिंतीपाशी हजर राहायला सांगितलं. सोमवारी सकाळी संतोषने टेंपोत रंगाचे डबे आणि शिडी चढवली आणि बापलेक चौक गावच्या रस्त्याने खालापूरकडे निघाले.